'विचफाइंडर जनरल' : पूर्ण सिनेमा की मूळ सिनेमा?

आमच्या घरात एकाच सिनेमाच्या तीन प्रती आहेत. एक व्हिडिओ टेप, एक डीव्हीडी आणि एक ब्लू-रे. बायकोच्या मते हा शुद्ध खुळेपणा आहे, आणि कपाट आवरायला काढलं की तिचा हात आधी त्या तिन्हींकडे जातो. "गोष्ट तीच, माणसं तीच, शेवटही तोच. मग तीन कशाला?" इतकी वर्षं मी हा प्रश्न हसण्यावारी नेत आलो. पण गेल्या उन्हाळ्यात नाशिकहून मावशी येऊन गेली आणि या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला हवं असं वाटलं. यंदा स्मरणिकेसाठी सिनेमावर काहीतरी लिहा असा संपादकांचा फोन आला, तेव्हा विषय शोधावा लागला नाही.

भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना कुठे कुठे नेतो ते सांगायला नको. लंडन झालं, स्ट्रॅटफर्ड झालं, मंदिर झालं. आम्ही राहतो कोल्चेस्टरजवळ, त्यामुळे आमच्या यादीत लॅव्हनम हे सफोकमधलं जुनं गाव असतंच. लाकडी चौकटींची, एका अंगाला कललेली पाचशे वर्षांपूर्वीची घरं. हॅरी पॉटरच्या सिनेमात दिसलेलं गाव म्हणून मुलं खूश, आणि चहाबरोबर स्कोन मिळतात म्हणून मोठी माणसं खूश. चौकात उभं राहून फोटो काढताना मी सहज बोलून गेलो, "मावशी, याच चौकात एका बाईला चेटकीण म्हणून जाळतात. सिनेमात हं!" मावशीने कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे पाहिलं. "घरी आहे का तो सिनेमा?" तिने विचारलं. घरी तर तीन होते.

सिनेमाचं नाव 'विचफाइंडर जनरल'. साल 1968. दिग्दर्शक मायकेल रीव्ह्ज. चित्रीकरण झालं तेव्हा तो जेमतेम चोवीस वर्षांचा होता, आणि सिनेमा प्रदर्शित झाल्यावर वर्षाच्या आत, फेब्रुवारी 1969 मध्ये, औषधांच्या अतिमात्रेने गेला. हा त्याचा शेवटचा सिनेमा. गोष्ट 1645 सालची, इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळातली. मॅथ्यू हॉपकिन्स नावाचा माणूस स्वतःच स्वतःला 'विचफाइंडर जनरल', म्हणजे चेटकिणी हुडकणाऱ्यांचा सरदार, असं बिरुद लावून घोड्यावरून गावोगाव फिरतो. जॉन स्टर्न हा त्याचा साथीदार. गावकऱ्यांनी बोट दाखवायचं, यांनी छळ करून कबुली काढायची आणि फी घेऊन पुढच्या गावाला जायचं, असा हा धंदा. लोव्ह्ज नावाचा म्हातारा पाद्री त्यांच्या तावडीत सापडतो. त्याला वाचवण्यासाठी त्याची पुतणी सारा स्वतःचा सौदा करते, तरी म्हातारा फासावर जातोच. साराचा प्रियकर मार्शल क्रॉमवेलच्या फौजेत शिपाई असतो. तो सूड घ्यायची शपथ घेतो आणि हॉपकिन्सचा माग काढत निघतो.

हॉपकिन्स काल्पनिक नाही. तो आमच्याच भागातला, मॅनिंगट्रीचा. 1645 ते 1647 या अवघ्या दोन-तीन वर्षांत त्याच्या मोहिमेने शंभराहून अधिक माणसांचे जीव घेतले. एकट्या बरी सेंट एडमंड्समध्ये ऑगस्ट 1645 मध्ये एका दिवसात अठरा जणांना फाशी दिलं गेलं. त्यांत लोव्ह्ज हा सत्तरी ओलांडलेला खराखुरा पाद्री होता. अंत्यविधीची प्रार्थना म्हणायला दुसरा पाद्री मिळू दिला नाही, म्हणून ती त्याने स्वतःच स्वतःसाठी म्हटली असं सांगतात. आणि स्टोमार्केट गावाने हॉपकिन्सला 23 पौंड मोजल्याची नोंद आहे. धर्माचं काम, पण रोख!

अशा विषयाचा सिनेमा म्हटल्यावर वाद होणारच. ब्रिटिश सेन्सॉर मंडळाने त्यावर कात्री चालवली. सुरुवातीचे किरकोळ कट रीव्ह्जने स्वतः करून दिले, पण मागण्या वाढत गेल्या तेव्हा त्याने अंग काढून घेतलं आणि पुढची कापाकापी त्याच्याशिवाय झाली. छळाचे, जाळण्याचे आणि शेवटच्या कुऱ्हाडीचे प्रसंग आखूड झाले. एवढं कापूनही नाटककार अॅलन बेनेट यांनी 'द लिसनर' साप्ताहिकात या सिनेमाला धुऊन काढलं. तो पाहून आपल्यालाच मळल्यासारखं वाटलं, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. रीव्ह्जने त्याच साप्ताहिकात उत्तर दिलं. त्याचं म्हणणं असं, की हिंसा ही मुळात किळसवाणी आणि माणसाला खाली खेचणारी गोष्ट आहे, मग ती पडद्यावरही तशीच दिसायला हवी. ती बघताना मजा वाटत असेल, तर तोच सिनेमा अनैतिक.

हा वाद आजही मला महत्त्वाचा वाटतो, कारण घरी बघायला मिळणारी प्रत कशी असावी हा प्रश्न त्यातूनच येतो. आता माझ्या तीन प्रतींकडे येतो.

पहिली टेप. आम्ही काही वर्षं न्यू जर्सीत होतो तेव्हाची. अमेरिकेत सेन्सॉरची कात्री फारशी चालली नव्हती, पण वितरकांनी तिथे सिनेमाचं नावच बदललं. एडगर अॅलन पोच्या एका कवितेवरून 'द कॉन्करर वर्म' केलं आणि व्हिन्सेंट प्राइसच्या आवाजात ती कविताही जोडली. हॉपकिन्सची भूमिका करणारा प्राइस हा पोच्या कथांवरच्या भयपटांमुळे तिथे लोकप्रिय होता, एवढंच निमित्त. पोचा आणि या गोष्टीचा काडीचा संबंध नाही. पुढे व्हिडिओचा जमाना आला तेव्हा मूळ संगीताचे हक्क हाती नसल्याने पॉल फेरिसचं संगीत काढून टाकलं आणि केंडल श्मिट यांचं सिंथेसायझरवरचं संगीत भरलं. माझी टेप ती.

म्हणजे बघा, चित्र जवळजवळ सगळं होतं. रक्त होतं, छळ होता. तरी सिनेमा गेला होता! फेरिसचं संगीत एखाद्या जुन्या इंग्रजी लोकगीतासारखं आहे, हळवं, गावाकडचं. पडद्यावर सफोकची हिरवी कुरणं, शरदातलं ऊन, झाडांतून धावणारा घोडा, आणि त्यावर हे सूर. कॅमेरामन जॉन कोकियों याने हा मुलूख इतका देखणा टिपला आहे की सहलीला जावंसं वाटावं. आणि अशाच एका टेकडीवर, भर उन्हात, सिनेमाच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत एका किंचाळणाऱ्या बाईला ओढत नेऊन फासावर चढवतात. तिथे संगीत नाहीच, फक्त वारा आणि हातोडीचे ठोके. सुंदर जागी, चांगल्या हवेत, शेजारपाजारच्या माणसांसमोर हे होतं, हा रीव्ह्जचा मुद्दा आहे. सिंथेसायझर वाजू लागला की तो मुद्दा बुडतो. आता काहीतरी भयंकर होणार, असं संगीतच आधी सांगून टाकतं, आणि आपण नेहमीचा भुताचा सिनेमा बघायला सरसावून बसतो. 2007 साली अमेरिकेतल्या डीव्हीडीवर फेरिसचं संगीत परत आलं. माझ्या मते या सिनेमाचा खरा जीर्णोद्धार त्या दिवशी झाला. कापलेल्या रक्ताबद्दल सगळे बोलतात, कापलेल्या सुरांबद्दल कमी बोललं जातं.

दुसरी प्रत ब्रिटनमध्ये आल्यावर घेतलेली डीव्हीडी. तिच्यात सेन्सॉरने कापलेले तुकडे परत जोडलेले आहेत. पण चांगल्या प्रतीतले ते तुकडे मिळाले नसावेत, म्हणून हलक्या दर्जाच्या प्रतीतून घेऊन डकवलेले. त्यामुळे होतं काय, की चित्र छान स्वच्छ चाललेलं असताना एकदम धुरकट होतं, रंग उतरतात, आणि काही सेकंदांनी पुन्हा स्वच्छ होतं. कात्री नेमकी कुठे चालली होती ते डोळ्यांना दिसतं. परीक्षणांतून या ठिगळांबद्दल बरीच नाराजी व्यक्त झाली. मला मात्र त्यांचं मोल वाटतं.

इथे मावशीनेच एक जुनी गोष्ट काढली. 1970 साली ती मुंबईत कॉलेजात होती, तेव्हा तेंडुलकरांचं 'गिधाडे' रंगभूमीवर आलं. त्यात माणिकच्या साडीवरच्या रक्ताच्या लाल डागाला सेन्सॉरने हरकत घेतली. मग डॉ. लागू आणि मंडळींनी डाग निळा केला, आणि प्रयोगाआधी जाहीर केलं की हा निळा डाग प्रेक्षकांनी लाल समजावा! मावशी म्हणाली, "अरे, लाल असता तर लोक विसरूनही गेले असते. निळा होता म्हणून आजपर्यंत लक्षात आहे." डीव्हीडीतले ते धुरकट तुकडे हे रीव्ह्जचे निळे डाग आहेत. हे तुम्हाला दाखवायचं नव्हतं, असं ते सांगून जातात.

पण या प्रकारच्या प्रतींत आणखी एक भानगड आहे. निर्मात्यांनी युरोपातल्या बाजारासाठी सरायखान्यातले काही प्रसंग वेगळे चित्रित करून घेतले होते. गोष्ट तीच, फक्त बायकांच्या अंगावरचे कपडे कमी. रीव्ह्जला त्यात रस नव्हता. ते त्याच्या सिनेमाचा भाग नव्हेत, दुकानदारीचा भाग. 'संपूर्ण आवृत्ती' द्यायची म्हणून हे तुकडेही आत घातले गेले, की एका बाजूला दिग्दर्शकाकडून हिरावलेलं परत येतं आणि दुसऱ्या बाजूला त्याच्यावर लादलेलंही त्याच्या नावावर जमा होतं. इथेच मला बायकोच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. जास्तीत जास्त फिल्म असलेली प्रत 'पूर्ण' असेल, पण ती 'मूळ' असेलच असं नाही. आजीची पैठणी रफू करून घेतो तेव्हा भोक भरायचं असतं, तिला नवी जर लावून रुंद करायची नसते. असे तुकडे अभ्यासासाठी वेगळे ठेवावेत. सिनेमाच्या अंगात शिवू नयेत.

तिसरी प्रत ब्लू-रे. हा सिनेमा ब्रिटनमध्ये 2011 साली ब्लू-रेवर आला, आणि मावशीबरोबर आम्ही पाहिला तो याच रूपात. मुलीला वरच्या मजल्यावर पाठवलं. ती पंधरा वर्षांची आहे आणि सिनेमाला इथे 18 चं प्रमाणपत्र आहे, ते अगदी योग्य आहे. ब्लू-रेवर हिरवा रंग हिरवा दिसतो, प्राइसच्या चेहऱ्यावरची सुरकुती न सुरकुती दिसते. एक गंमत सांगतो. रीव्ह्जला या भूमिकेसाठी डोनाल्ड प्लेझन्स हवा होता, प्राइस त्याच्यावर लादला गेला. चित्रीकरणात दोघांचं अजिबात जमलं नाही. प्राइसने नेहमीसारखे हातवारे करायचे आणि या पोरगेल्या दिग्दर्शकाने ते थांबवायचे, असं चाललेलं. पुढे तयार सिनेमा पाहिल्यावर प्राइसने त्याला पत्र लिहून दिलखुलास दाद दिली. आणि ती रास्तच होती. इतका थंड, इतका कमी बोलणारा खलनायक त्याने क्वचितच केला असेल.

पाहताना मी चोरून मावशीकडे बघत होतो. पंचाहत्तरीची बाई, कशाला दाखवतोय हे तिला, अशी धाकधूक होतीच. लॅव्हनमच्या चौकातला तो प्रसंग आला. बाईला शिडीला बांधून हळूहळू आगीवर खाली सोडतात. मावशी स्थिर. त्यानंतर एक छोटासा प्रसंग आहे. आग विझत आलेली, आणि गावातली पोरं त्या निखाऱ्यांत बटाटे भाजतायत. तिथे मावशी म्हणाली, "थांबव जरा."

मी रिमोटने थांबवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मावशीची निम्मी नोकरी अक्कलकुव्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांत गेली. तेव्हा तो धुळे जिल्हा, नंदुरबार वेगळा व्हायचा होता. तिच्या शाळेजवळच्या पाड्यावर एका विधवेला डाकीण ठरवलं होतं. कुणाचं तरी मूल तापाने गेलं, भगताने तिचं नाव घेतलं. बाईच्या नावावर थोडी जमीन होती. मारहाण झाली आणि एका रात्रीत ती परागंदा झाली. पुढे तिचं काय झालं ते मावशीला कधीच कळलं नाही. "पण मला आठवतं ते वेगळंच," मावशी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं आली ना, ती बोरं खात होती. तिच्या अंगणातली बोरं. मी विचारलं, कुठून आणली रे? तर म्हणाली, बाई, आता तिथे कोणी ओरडत नाही."

रीव्ह्जच्या सिनेमात बटाट्यांवर एक थेंब रक्त नाही. संगीतानेच अर्थ सांगायचा असला, तर अशा जागी सिंथेसायझर काय वाजवणार? रक्तासाठी या सिनेमाकडे येणाऱ्याला हा प्रसंग आठवणारही नाही. आणि तरी तो असह्य आहे, कारण त्याच्या आधीची आग आपण पूर्ण पाहिलेली असते. आग आखूड करा, की बटाटे म्हणजे नुसते बटाटे उरतात. कापलेलं परत जोडायला हवं ते या कारणासाठी. जुन्या भयपटाच्या शौकिनांना दोन थेंब जास्त मिळावेत म्हणून नव्हे.

आता या सिनेमाचे दोष. कारण तिन्ही प्रती जपणारा मी असलो, तरी आंधळा भक्त नाही. खरा हॉपकिन्स पंचविशीतला होता. प्राइस तेव्हा 56 वर्षांचा. म्हणजे वयाने त्या हॉपकिन्सच्या जवळ होता तो कॅमेऱ्यामागचा रीव्ह्ज! इंग्लंडमध्ये चेटकिणींना सहसा फाशी देत, जाळत नसत. इप्सविचला 1645 मध्ये एका बाईला जाळलं, पण तिच्यावर चेटूक करून नवऱ्याला मारल्याचा आरोप होता आणि त्या गुन्ह्याची शिक्षा निराळी होती. हे सगळं सिनेमाला माफ करता येईल. एक गोष्ट मात्र मला खटकते. लॅव्हनमला जाळलेल्या त्या बाईचं सिनेमातलं नाव एलिझाबेथ क्लार्क आहे. ती तरुण आणि देखणी आहे, आणि तिच्यासाठी वेडा होणारा नवरा आहे. तो नवरा खुद्द संगीतकार फेरिसने टोपणनावाने केला आहे. खरी एलिझाबेथ क्लार्क मॅनिंगट्रीची, हॉपकिन्सची पहिली बळी. ती म्हातारी होती, गरीब होती, तिला एकच पाय होता. तिला रात्रीमागून रात्री जागं ठेवून कबुली काढली. तिच्यासाठी कोणी सूड घ्यायला निघालं नाही. एवढ्या निडर दिग्दर्शकालाही ती म्हातारी पडद्यावर आणावीशी वाटली नाही. जी हकिकत मुळातच चित्रित झाली नाही, ती कुठलाही जीर्णोद्धार परत आणू शकत नाही. मावशीने हे ऐकून एवढंच म्हटलं, "म्हाताऱ्या बाईचा सिनेमा कोण बघणार?"

शेवट मात्र रीव्ह्जने कोणतीही सूट न देता केला आहे. मार्शल हॉपकिन्सला गाठतो आणि कुऱ्हाडीने घाव घालत सुटतो. दुसरा शिपाई गोळी घालून हॉपकिन्सला एकदाचा सोडवतो, तेव्हा मार्शल त्याच्यावरच ओरडतो, की तू त्याला माझ्या हातून हिरावलंस. ज्याची बाजू आपण दीड तास घेतली, तो माणूसही आता हॉपकिन्सच्या जातीचा झालेला असतो. आणि सारा किंचाळत राहते. चित्र थिजतं तरी तिची किंकाळी थांबत नाही. कापलेल्या प्रतीत घाव कमी होतात आणि मार्शल थोडा सभ्य वाटतो. म्हणजे सेन्सॉरने प्रेक्षकाला वाचवलं नाही, नायकाला वाचवलं.

2013 साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, आणि त्याच वर्षी अखेर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्यावर करणीचा ठपका ठेवून त्याचा छळ करणं आता तिथे गुन्हा आहे. मावशीच्या त्या पाड्यावरच्या बाईला त्याचा उपयोग झाला नाही, पण पुढच्या कुणाला व्हावा. सिनेमा हा काही कायदा नव्हे. पण ठपका ठेवणारे, फी घेणारे आणि निखाऱ्यांत बटाटे भाजणारे आपल्यासारखेच दिसतात, हे तो दाखवू शकतो. त्यासाठी तो धड हवा.

तर वाचकहो, हा सिनेमा घरी पाहायचा असेल तर दोन गोष्टी बघून घ्या. एक, त्यावर पॉल फेरिसचं संगीत आहे ना. दोन, सेन्सॉरने कापलेले प्रसंग आत आहेत आणि सरायखान्यातली ती दुकानदारी बाहेर आहे ना. मुलं झोपल्यावर लावा, आणि शक्यतो एकटे पाहू नका. भीती वाटेल म्हणून नाही. संपल्यावर कुणाशी तरी बोलावंसं वाटेल म्हणून.

मावशी परत गेली. बायकोने परवा पुन्हा कपाट काढलं. तिन्ही प्रती हातात घेऊन ती म्हणाली, "टेप तरी टाकू का?" मी म्हटलं, ठेव. ती पूर्ण आहे पण मूळ नाही, हे दाखवायला लागेल कधीतरी.